गिटारचा डिजिटल ॲम्प आधी जमिनीवरून उचला, मग नॉबला हात लावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की गिटारच्या क्लासला गर्दी होते आणि त्यापाठोपाठ घरात एक डिजिटल मॉडेलिंग ॲम्प येतो. दोन-तीन महिन्यांत तक्रार सुरू होते. दुकानात ऐकला तेव्हा आवाज भरदार वाटला होता, घरी मात्र पत्र्याच्या डब्यात माशी कोंडल्यासारखा येतो. मग तो ॲम्प जुन्या वस्तूंच्या ॲपवर ‘जवळपास नवा’ म्हणून विकायला निघतो आणि मुलं आणखी महागड्या ॲम्पचा हट्ट धरतात. आम्ही गिटार शिकवणारे आणि कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था सांभाळणारे लोक आहोत. असे बहुतेक ॲम्प ठणठणीत असतात, हे आम्हाला पालकांना आणि विद्यार्थ्यांना मनापासून सांगायचं आहे. आवाज कोणत्या स्पीकरमधून, कोणत्या खोलीत आणि किती मोठ्याने ऐकला जाणार, याचा विचार न करता नॉब फिरवले जातात आणि तिथेच सगळं बिघडतं. म्हणून हे थोडं सविस्तर पत्र. जागा द्यावी, ही विनंती.

आधी हे यंत्र काय करतं ते पाहू. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये काचेचे व्हॉल्व्ह असतात. प्रीॲम्पमध्ये (गिटारचा क्षीण सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागात) बहुधा १२एएक्स७, पुढे पॉवरसाठी ईएल३४ किंवा ६एल६. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की तो ध्वनिलहरीचे शेंडे दाबून गोल करतो आणि रॉक गिटारचा तो ओळखीचा फाटका, उबदार आवाज तयार होतो. अडचण एवढीच की असा ॲम्प मोठ्याने वाजवल्याशिवाय रंगात येत नाही आणि सोसायटीच्या फ्लॅटमध्ये ते शक्य नसतं. मॉडेलिंग ॲम्पमध्ये व्हॉल्व्हचं हे वागणं एक चिप गणिताने काढते. रोलँडचं व्हीजी-८ हे यंत्र १९९५ सालचं, लाइन ६ कंपनीचा ॲक्ससिस २१२ हा ॲम्प १९९६ चा आणि त्याच कंपनीचा लालभडक पॉड १९९८ चा. तिथून आजवर हे तंत्र खूप पुढे आलं. २०१६ मध्ये आलेला बॉसचा कटाना आज अनेक क्लासमध्ये दिसतो, म्हणून पुढची उदाहरणं बहुतेक त्याच्या ५० वॉटच्या मॉडेलची घेतली आहेत. तत्त्व मात्र सगळीकडे तेच.

पहिलं काम नॉबचं नाहीच. ॲम्प ठेवला कुठे आहे ते पाहा. बारा इंची स्पीकर वरच्या पट्टीचे सूर टॉर्चच्या झोतासारखे समोर सरळ फेकतो, खालचे सूर मात्र चहूकडे पसरतात. ॲम्प जमिनीवर आणि वाजवणारा त्याच्यासमोर उभा असला तर तो झोत पोटऱ्यांवर जातो आणि कानाला फक्त घुमारा ऐकू येतो. मग ट्रेबल वाढवला जातो. समोर पलंगावर बसलेल्या आईच्या कानात नेमका तोच झोत शिरतो आणि ती म्हणते, ‘किती कर्कश आहे रे!’ दोघांचंही खरं असतं. ॲम्प लाकडी खुर्चीवर किंवा स्टुलावर ठेवा, म्हणजे दीड-दोन फूट उंची मिळते. उंची मिळत नसेल तर त्याला थोडं मागे रेलून ठेवा. भिंतीपासून निदान एक-दीड फूट पुढे घ्या आणि कोपऱ्यात तर ठेवूच नका, कारण भिंत आणि फरशी मिळून खालचे सूर फुगवतात. एवढं केलं की निम्मी तक्रार नॉबला हात न लावता मिटते. कान स्पीकरच्या पातळीवर आणून ऐका आणि मगच पुढचं ठरवा.

आता नॉब. कारखान्यातून येणारे तयार आवाज दुकानात पाच मिनिटांत छाप पाडण्यासाठी बनवलेले असतात. भरपूर गेन (फाटकेपणा), भरपूर रिव्हर्ब (हॉलसारखा घुमारा), खालचा-वरचा भाग फुगवलेला. ते बाजूला ठेवा. कटानावर ‘पॅनेल’ लिहिलेलं बटण दाबलं की नॉब जिथे दिसतात तिथलाच आवाज येतो. हे बटण न दाबता जतन केलेला चॅनेल (आधी साठवून ठेवलेला आवाज) चालू असेल तर डोळ्यांना दिसणारी नॉबची जागा आणि आतली खरी किंमत यांचा काही संबंध नसतो, आणि नॉबला नुसता धक्का लागला तरी आवाज एकदम उडी मारतो. ‘काल छान होता, आज बिघडला’ या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इतकंच असतं. इफेक्टचे सगळे दिवे बंद करा, ॲम्पचा प्रकार ‘क्रंच’ ठेवा, गेन घड्याळातल्या दहाच्या जागेवर, बेस-मिडल-ट्रेबल तिन्ही बाराच्या जागेवर. मागचा किंवा वरचा पॉवरचा खटका घरासाठी अर्ध्या वॉटवर. गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम दहावर न ठेवता आठच्या आसपास ठेवा, म्हणजे गाण्यात गरज पडली तर वर जायला जागा राहते.

गेन, व्हॉल्यूम आणि मास्टर या तिघांत नवखा माणूस हमखास गोंधळतो. गेन ठरवतो आवाज किती फाटणार. व्हॉल्यूम ठरवतो त्या चॅनेलची पातळी. मास्टर ठरवतो खोलीत एकूण किती मोठं ऐकू येणार. टोन बसवायचा तो पहिल्या दोघांनी. शेजारी झोपले आहेत म्हणून कमी करायचा तो मास्टर.

गेनबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथे होते. गेन वाढला की हळू आणि जोरात छेडलेली तार सारख्याच पातळीवर ऐकू येते. नवशिक्याला ते आवडतं, चुका झाकल्यासारख्या वाटतात. पण पूर्ण कॉर्ड वाजवली की सहा तारांचे सूर एकमेकांत मिसळून असे जास्तीचे सूर निर्माण होतात जे कॉर्डमध्ये नसतातच, आणि गंधाराच्या जागेचा सूर चिखलात जातो. जास्त गेनवर मेजर-मायनर कॉर्ड घाण वाटतात आणि फक्त षड्ज-पंचमाची पॉवर कॉर्ड स्वच्छ राहते, त्याचं कारण हेच. उपाय साधा आहे. हवा तेवढा गेन लावा, मग तो पाव फेरी मागे घ्या आणि दहा मिनिटं वाजवा. कान सरावतो. कसोटी अशी की तीच कॉर्ड आधी बोटाने हलकी आणि मग प्लेक्ट्रमने जोरात वाजवली तर दोन वेगळे आवाज यायला हवेत, हलकी जवळपास स्वच्छ आणि जोराची फाटकी. रेकॉर्डवर जो आवाज प्रचंड फाटका वाटतो तोही पुष्कळदा दोन-तीन वेळा वेगवेगळा वाजवून एकावर एक रचलेला असतो, प्रत्येक थरातला गेन बेताचाच असतो.

जड आवाज हवा असेल आणि तो पसरट, ढिला वाटत असेल तर गेन न वाढवता ॲम्पच्या आधी ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सिग्नल किंचित फाडून मोठा करणारी पेडल, लावा. आयबानेझची ट्यूब स्क्रीमर ही हिरवी पेडल १९७९ सालची, आज ती याच कामाला वापरली जाते आणि बहुतेक मॉडेलिंग ॲम्पमध्ये तिची नक्कल असते. तिचा ड्राइव्ह जवळपास शून्य, लेव्हल जवळपास पूर्ण, टोन मधोमध. ती खालचा भाग कापते, ७०० हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग पुढे आणते आणि मग तो घट्ट झालेला सिग्नल ॲम्पमध्ये जातो. हाताच्या कडेने तारा दाबून वाजवलेली ‘चग चग’ यानेच आवळून येते.

बेस, मिडल, ट्रेबल हे नॉब वाटतात तितके साधे नाहीत. जुन्या फेंडर धाटणीच्या ॲम्पची हुबेहूब नक्कल असेल तर तिन्ही नॉब बारावर ठेवणं म्हणजे ‘काही न बदलणं’ नव्हे. त्या सर्किटमध्ये मधल्या पट्टीत मुळातच खड्डा असतो. जवळपास सपाट आवाज हवा तर मिडल पूर्ण आणि बेस-ट्रेबल तळाला ठेवावे लागतात! शिवाय एक नॉब फिरवला की दुसऱ्याचा परिणामही बदलतो. म्हणून आधी ट्रेबल ठरवा, मग मिडल, शेवटी बेस, आणि पुन्हा एकदा ट्रेबलवर या. नॉबवरच्या आकड्यांकडे बघू नका. मिडल नऊवर गेला म्हणून काही बिघडत नाही.

मिडलवर आमचा विशेष जोर आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते आणि चोवीस पडद्यांच्या गिटारवर सगळ्यात वरचा सूर सुमारे १३१९ हर्ट्झचा. म्हणजे या वाद्याचं घरच मधल्या पट्टीत आहे. एकट्याने खोलीत वाजवताना मधला भाग काढून खालचा-वरचा वाढवला की आवाज मोठा आणि ‘रेकॉर्डसारखा’ भासतो. तोच आवाज घेऊन ऑर्केस्ट्रात उभं राहिलं की खाली बासगिटार, किक ड्रम आणि ढोलकीचा घुमारा, वर झांजा, आणि मध्ये गिटारने आपली जागा आपल्या हाताने रिकामी केलेली. वादक जीव तोडून वाजवतो आणि प्रेक्षकांना फक्त त्याचा हात हलताना दिसतो. एकट्याने ऐकताना किंचित नाकात बोलल्यासारखा वाटणारा आवाज बँडमध्ये अगदी नेमका बसतो. सरावाला कोणत्याही गाण्याचा ट्रॅक चालू ठेवून त्यावर टोन बसवा, निव्वळ शांततेत बसवू नका.

आणि आवाजाची पातळी. हे शास्त्र जुनं आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते आपोआप पुढे येतात. रात्री अकरा वाजता घरात हळू आवाजात बसवलेला टोन म्हणूनच मंचावर खाली फुगतो आणि वर टोचतो. दोष ॲम्पचा नाही आणि मुलाच्या कानाचाही नाही. दोन वेगळे चॅनेल ठेवा, एक घरचा आणि एक मंचाचा. मंचाचा चॅनेल एखाद्या दुपारी खरोखर मोठ्याने वाजवून बसवा. शेजाऱ्यांना आधी सांगून अर्धा तास मागून घ्या, बहुतेक लोक देतात. घरच्या टोनपेक्षा बेस थोडा खाली, ट्रेबल किंचित खाली, रिव्हर्ब निम्मा, गेन थोडा कमी. मोठ्या हॉलमध्ये स्वतःचा घुमारा असतोच, त्यावर पुन्हा रिव्हर्ब ओतला की शब्द आणि सूर दोन्ही वाहून जातात. आवाज जमला की चॅनेलचं बटण दाबून धरून जतन करा आणि वहीत नॉबच्या जागाही लिहून ठेवा.

सोलोसाठी गेन वाढवणं ही आणखी एक नेहमीची चूक. जास्त फाटलेला आवाज दबलेला असतो, तो बँडच्या पुढे येत नाही. सोलोचा चॅनेल सुमारे ३ डेसिबल मोठा ठेवा आणि मिडल थोडा वाढवा. स्वच्छ आणि फाटक्या चॅनेलची पातळी कानाने जुळवा. मीटरवर दोन्ही सारखे दिसले तरी फाटका आवाज कानाला मोठा लागतो.

स्पीकरचा मुद्दा सगळ्यात कमी समजला जातो. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने पडतो. हे त्याचं वैगुण्य नाही, फाटक्या आवाजातली चिरकी खरखर तोच गाळतो. हेडफोन, घरचा साउंडबार आणि हॉलचे मोठे स्पीकर मात्र २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं ऐकवतात. तिथे ॲम्पचा नुसता सिग्नल दिला की ती माशी पुन्हा गुणगुणू लागते. त्यासाठी कॅबिनेट सिम्युलेशन, म्हणजे खोका, स्पीकर आणि माइक या तिघांची नक्कल, चालू असावी लागते. ती दोनदा लागली तर आवाज उशीखाली दाबल्यासारखा येतो. म्हणून नियम लक्षात ठेवा. गिटारचा खरा स्पीकर वाजत असेल तर नक्कल बंद, इतर कुठेही जात असेल तर नक्कल चालू, आणि एकदाच. त्यानंतरही कर्कशपणा राहिला तर वरचा भाग ६ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान कापा आणि खालचा ८० ते १०० हर्ट्झच्या खाली. खऱ्या माइकच्या बाबतीत जे चालतं तेच नकलेतही चालतं. माइक स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर असेल तर धार जास्त, कडेकडे सरकवला तर आवाज मऊ. ट्रेबलचा नॉब फिरवण्याआधी हे सरकवून पाहा, फरक जास्त गोड पडतो.

हेडफोनवर सराव करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. तार छेडल्यापासून सूर कानात पोहोचेपर्यंत शंभर-दोनशे मिलिसेकंद जातात आणि लय कायमची मागे पडायची सवय लागते. वायरचा हेडफोन घ्या आणि अगदी थोडा ‘रूम’ रिव्हर्ब ठेवा, नाहीतर आवाज डोक्याच्या मधोमध अडकल्यासारखा, कोरडा वाटतो.

लॅपटॉपवर मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर वापरणारेही आता बरेच आहेत. न्यूरल ॲम्प मॉडेलरसारखं चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात एखाद्या ॲम्पचा, नॉब एका विशिष्ट जागी असतानाचा, जणू फोटो घेतलेला असतो. म्हणून फाटकेपणा बदलायचा तर दुसरा फोटो निवडावा लागतो, नंतरच्या नॉबने तसाच बदल होत नाही. गिटार ऑडिओ इंटरफेसच्या (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या खोक्याच्या) ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ इनपुटमध्येच लावा. तिथला रोध सुमारे १ मेगाओम असतो. लाइन इनपुटचा रोध काही हजार ओमच असतो, तिथे पिकअपवर (तारांची कंपनं पकडणाऱ्या गिटारवरच्या चुंबक-वेटोळ्यावर) भार पडतो आणि आवाज कांबळं पांघरल्यासारखा मंद होतो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तेवढे नमुने, ४८ किलोहर्ट्झला १२८ ठेवला तर तेवढ्या टप्प्याचा उशीर २.७ मिलिसेकंदांच्या आत राहतो. आवाज तुटायला लागला तर २५६ करा. इनपुटचा लाल दिवा एकदाही लागू देऊ नका, कारण संगणकात सिग्नल कापला गेला की येणारी कडकड व्हॉल्व्हच्या फाटकेपणासारखी मुळीच नसते.

मंचावरची एक चूक गणेशोत्सवाच्या आणि गॅदरिंगच्या कार्यक्रमांत वारंवार होते, म्हणून ती नीट सांगतो. कटाना ५० वर हेडफोन आणि रेकॉर्डिंगसाठी मिळून एकच स्टिरिओ जॅक आहे. त्यात पिन गेली की ॲम्पचा स्पीकर बंद होतो, हे वादकाला माहीत नसतं आणि तो ‘ॲम्प गेला’ म्हणून घाबरतो. त्याहून वाईट पुढे होतं. त्या जॅकमधून तीन भागांच्या (स्टिरिओ) पिनची केबल थेट मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला जोडली जाते. स्टिरिओ जॅकच्या डाव्या-उजव्या बाजूंना गिटारचा मूळ आवाज सारखाच असतो, आणि बॅलन्स्ड इनपुट एका बाजूतून दुसरी वजा करतो. गिटार गायब होते, उरतं ते रिव्हर्बचं भूत. साउंडवाला गेन वाढवत राहतो, वादक ॲम्पवर मास्टर वाढवतो, आणि पहिलं गाणं संपतं. स्टिरिओ पिनची दोन मोनो पिन करणारी वाय केबल घ्या, एकच बाजू डीआय बॉक्समध्ये (सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीत) घाला आणि तिथून मिक्सरला जा. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशी केबल सहज मिळते. ती पिशवीत कायम असू द्या.

माइक लावायचा असेल तर जाळीपासून इंच-दोन इंचावर, स्पीकरची मधली टोपी जिथे कागदी शंकूला मिळते त्या रेषेसमोर. साउंडवाल्याला प्रेमाने सांगा की गिटारच्या चॅनेलवर १०० हर्ट्झचं हाय-पास लावा (त्याखालचे सूर कापा) आणि बाकी नॉब मधोमध ठेवा. टोन ॲम्पवर बसवलेला असतो, मिक्सरवर पुन्हा ‘भजनाच्या माइकचा’ बेस-ट्रेबल लावला की मेहनत वाया जाते.

गुणगुणीकडे वळू. सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडतोच. गिटार घेऊन जागच्या जागी हळूहळू फिरा, एका दिशेला ती सगळ्यात कमी होते. ॲम्प, एलईडी दिव्यांचा डिमर, मोबाइलचा चार्जर यांपासून तीन-चार फूट लांब बसा. लॅपटॉप यूएसबीने ॲम्पला जोडल्यावर बारीक किणकिण सुरू झाली तर चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. किणकिण थांबली तर तो अर्थ लूप (दोन अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) आहे, यूएसबी आयसोलेटर लावला की जातो. पण गुणगुण घालवण्यासाठी ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकण्याचा ‘जुगाड’ कोणी सांगितला तर तो जिवावरचा आहे. तो कधीही करू नका! तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते ठीक आहे, पण तारांना किंवा माइकला ओठ-बोट लागल्यावर मुंग्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. शाळा-कॉलेजच्या हॉलमध्ये अर्थिंग तपासून घ्यावं, ही संस्थाचालकांना आमची कळकळीची विनंती आहे. गिटारवादकाच्या हातात तार असते आणि ओठांशी माइक, दोन्ही धातूचे.

जिथे वीज जाते तिथे इन्व्हर्टरवर सराव होतो. साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ॲम्प भुणभुणतो, साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर नाही. ॲम्पचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करताना वीज गेली तर ॲम्प सुरू होणंच बंद होऊ शकतं, म्हणून ते काम भारनियमनाच्या वेळेत काढू नका. आणि अपडेटच्या आधी आपले चॅनेल सॉफ्टवेअरमधून लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

उरलेल्या खरखरीसाठी नॉइज सप्रेसर असतो. तारांवर हात ठेवून त्याचा थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखालचा आवाज तो बंद करतो ती मर्यादा, वाढवत जा, खरखर थांबली की तिथेच सोडा. मग एक सूर लांबवून ऐका. तो विझता विझता कात्रीने कापल्यासारखा तुटला तर थ्रेशोल्ड मागे घ्या.

गिटारकडे लक्ष नसेल तर वरचं सगळं फुकट. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तारा आठवडाभरातही गंजू लागतात, मग कुठलंच मॉडेल चमक आणू शकत नाही. वाजवून झालं की सुती फडक्याने तारा खालूनसुद्धा पुसा. पिकअपची उंचीही पाहा. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअपच्या खिळ्यापर्यंतचं अंतर मोजा. स्ट्रॅट धाटणीच्या सिंगल कॉइलला जाड तारेखाली सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली १.६ ही सुरुवातीची मापं. जास्त जवळ आणला तर लोहचुंबक तारेला ओढतं, वरच्या पडद्यांवर सूर थरथरतो आणि ट्यूनर स्थिर होत नाही. ॲम्पच्या इनपुटवरही फार मोठा सिग्नल जातो. केबल घरी तीन मीटरची पुरते. लांब केबलची धारिता मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड, ती वरची धार खाते.

डिलेचं, म्हणजे सुरामागून येणाऱ्या प्रतिध्वनीचं, गणित सोपं आहे. ६०,००० ला गाण्याच्या गतीने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. गती १२० असेल तर ५००, आणि पाऊण मात्रेचा डिले हवा तर ३७५. डिले इतका हळू ठेवा की चालू असताना जाणवू नये, पण बंद केला तर काहीतरी गेल्यासारखं वाटावं.

इंटरनेटवरून उतरवलेले पॅच, म्हणजे इतरांनी जतन केलेले तयार आवाज, वाईट नसतात, पण ते दुसऱ्याच्या गिटारवर, दुसऱ्याच्या खोलीत बसवलेले असतात. पॅच घेतला की आधी गेन, मग बेस, मग ट्रेबल आपल्या गिटारनुसार सुधारा. हंबकरवर (दोन वेटोळ्यांच्या पिकअपवर) बनवलेला पॅच सिंगल कॉइलवर लुकडा वाटणारच, आणि उलट केलं तर गढूळ.

शेवटी दुकानदारांना एक विनंती. ॲम्प दाखवताना तो जमिनीवरच्या रांगेतून उचलून टेबलावर ठेवा, तयार पॅच बंद करून पॅनेलवर ‘क्लीन’ आणि ‘क्रंच’ असे दोनच आवाज ऐकवा, आणि ग्राहकाला त्याची स्वतःची गिटार आणायला सांगा. मास्टर घरी वाजेल तेवढाच ठेवा. पालकांनी खरेदीला जाताना मुलाची गिटार, मुलाची केबल आणि मुलाचाच हेडफोन सोबत न्यावा.

आपले,
पुणे-मुंबईतील काही गिटारशिक्षक व ध्वनितंत्रज्ञ